तीन कटिंग पेट्रोल आणि एक मेणाचा गोळा

मे महिन्यातली दुपार, वाईचं लग्न, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आहेराच्या पिशव्या. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा. येताना बोगदा असायचा. म्हणजे गाडीची परीक्षा जातानाच. पुढे एक ट्रक रखडलेला, आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत चढतोय, आणि एरवी मधल्या रेघेच्याही खाली निवांत लोळणारा तापमानाचा काटा उठला. दचकून नव्हे, आरती सुरू झाल्यावर म्हातारी माणसं गुडघ्यावर हात टेकत उठतात ना, तसा. तो लाल पट्टीला टेकला तेव्हा मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "अरे, कसला तरी गोडसर वास येतोय. कुणी काही सांडलं का?"

कुणी काही सांडलं नव्हतं. तो कूलंटचा वास होता. बोनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली होती. गाडी कडेला घेतली, तर शेजारीच आपला ट्रक थांबवून चाकं तपासत असलेला ड्रायव्हर लांबूनच ओरडला, "झाकणाला हात लावू नका! वाफ येतेय, इंजिन बंद करा. आणि पुढच्या वेळी काटा चढायला लागला की एसी बंद करून हीटर लावा, फुल्ल."

बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा माणूस गाडीत हीटर लावायला सांगत होता. मावशीला तो सरळ सरळ वेडा वाटला. पण त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. का बरोबर होतं, हे शोधायला मी पुढचा अख्खा रविवार घालवला. एका तापलेल्या इंजिनाच्या निमित्तानं आपण रोज कशावर बसून फिरतो ते पहिल्यांदा कळलं.

आधी एक हिशेब. गाडी आणि माणसं मिळून बाराशे किलो धरा. एवढं वजन तीनशे मीटर उंच उचलायला लागणारी ऊर्जा किती? शाळेतलं सूत्र वापरलं की उत्तर येतं जवळजवळ एक युनिट. हो, विजेच्या बिलातलं एक युनिट. पाच माणसं, आहेर आणि टनभर लोखंड डोंगरावर चढवायला दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालवण्याइतकीच ऊर्जा पुरते. पेट्रोलमध्ये मोजली तर जेमतेम शंभर-एकशे दहा मिलिलिटर. टपरीवरचा एक कटिंग.

पण इंजिन एका कटिंगवर भागवत नाही, त्याला किमान तीन लागतात. एक कटिंग गाडी चढवतो. एक सायलेन्सरमधून गरम धूर होऊन निघून जातो. आणि तिसरा नुसता इंजिनाच्या अंगात मुरतो, उष्णता होऊन. त्या तिसऱ्या कटिंगचं काय करायचं, एवढ्या एका प्रश्नासाठी रेडिएटर, पंप, पंखा, पाईप आणि झाकण हा सगळा संसार मांडलेला आहे. चढावर छोट्या पेट्रोल इंजिनातून पाण्यात उतरणारी उष्णता दहा-बारा किलोवॅटच्या घरात जाते. म्हणजे बोनेटखाली पाच-सहा गिझर एकाच वेळी चालू, आणि पाणी मात्र सगळं मिळून चार-पाच लिटर.

आतली परिस्थिती तर ऐकूनच घाम फुटावा अशी. सिलिंडरमध्ये पेट्रोल भडकतं तेव्हा ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तीन हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर स्फोट होतात. तरी पिस्टन वितळत नाही, कारण प्रत्येक भडका काही मिलिसेकंदांचा असतो आणि भिंतीपलीकडून पाणी अखंड वाहत असतं. मिनिटाला पाच-सहा फेऱ्या सहज: इंजिनातून रेडिएटरमध्ये, रेडिएटरमधून इंजिनात. ही वारी थांबली तर दोन-तीन मिनिटांत सगळं पाणी उकळीला येईल.

पहिल्या मोटारीत ही वारी नव्हतीच. कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडीत पाणी इंजिनाभोवती उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि जेवढं उडालं तेवढं वरून ओतायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती गाडी मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी घेऊन गेली. शंभरएक किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधन घेतलं औषधाच्या दुकानातून, तुंबलेली नळी साफ केली हॅटच्या पिनेनं, आणि पाणी भरलं जिथे मिळेल तिथे. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास म्हणजे खरं तर एका बाईनं पाणी शोधत केलेली वाटचाल होती. कसाऱ्यात किंवा आंबा घाटात कॅन घेऊन झरा शोधणारे आपले जुने ट्रकवाले तिचेच वारसदार.

पुढे १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखनं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. चौकोनी, सहा मिलीमीटरच्या आठ हजारांवर नळ्या, त्यांतून आरपार हवा, आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. युक्ती साधी: पाण्याला जास्तीत जास्त वाऱ्याला भिडवायचं. बशीत ओतलेला चहा लवकर गार होतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. आणि हीटर? डॅशबोर्डच्या पोटात हाच रेडिएटर धाकट्या आकारात बसवलेला असतो. हीटर लावला की इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ती उष्णता आपल्या पायांवर येते. ट्रकवाला वेडा नव्हता. तो मला जास्तीचा रेडिएटर वापरायला सांगत होता, माझ्या पायांच्या खर्चानं.

एवढ्यावरून दुखणं कळत नाही. काटा वर जाणं म्हणजे नुसता ताप. ताप मलेरियाचा की उन्हाचा, ते वेगळं शोधायचं. पहिला प्रश्न डॉक्टर विचारतात तोच: ताप केव्हा चढतो?

या एका प्रश्नात अर्धं निदान असतं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये, लग्नाच्या वरातीमागे रांगताना गाडी तापते आणि हायवेला लागल्यावर काटा खाली येतो, तर पाण्याची वारी नीट चालू आहे, वाऱ्याचं काही तरी बिघडलंय. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला पंख्याचाच आधार. म्हणजे पंखा लागत नाहीये. उलट शहरात ठीक आणि चढावर किंवा वेगात तापते, तर पंख्याला सोडा. उष्णता जास्त निर्माण होतेय आणि पाण्याची वाट कुठे तरी अडलीय, चुकलीय किंवा पाणीच कमी आहे. माझी गाडी कर्वे रोडच्या गर्दीत कधी तापली नव्हती. तापली ती घाटात. (ट्रकमागे आम्ही रांगतही होतो, म्हणून मी पंख्याला पूर्ण निर्दोष सोडलं नाही. पण संशय दुसरीकडे होता.)

रविवारी सकाळी भाचा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत होतं आणि हाताला ग्रीस कधी लागलं नव्हतं. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंडगार. ही अट महत्त्वाची. तापल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं, आणि ही उपमा नाही, तेच यंत्र आहे. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत एक बंद भांडं दाखवलं. त्यात वाफेचा दाब वाढायचा आणि हाडंसुद्धा मऊ शिजायची. आपला कुकर त्याचा वंशज, आणि रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीचं चुलत भावंड. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. ०.९ म्हटलं की साधं पाणी १०० ऐवजी ११८-११९ अंशांना उकळणार. स्वयंपाकघरातला कुकरही १२० च्याच आसपास शिजवतो. डाळीचं आणि इंजिनाचं तापमान असं एकाच रेघेवर येऊन बसावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तेच झाकण ११५ अंशांना उघडलं तर? दाब एकदम जातो, पाण्याला आता शंभरच्या वर राहण्याची मुभा नाही, आणि जास्तीच्या पंधरा अंशांची उष्णता क्षणात वाफ बनवते. लिटरमधलं फक्त अठ्ठावीस ग्रॅम पाणी उडतं, दोन मोठे चमचे. पण त्या दोन चमच्यांची वाफ सत्तेचाळीस लिटर होते, आणि उरलेलं उकळतं पाणी ती आपल्या तोंडावर ढकलते. म्हणून घाटात पाऊण तास थांबायचं, वरचा जाड होज पाईप हातात दाबून बघायचा, तो गार आणि मऊ लागला तरच झाकणाला हात घालायचा. आणि तापल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतणाऱ्या शुभचिंतकांना लांब ठेवायचं. इंजिनाचा ॲल्युमिनियमचा हेड असल्या धक्क्यानं वाकतो, कधी तडकतो.

तर थंड गाडीचं झाकण उघडलं. रेडिएटरमधलं पाणी गळ्यापासून चार बोटं खाली. शेजारी प्लास्टिकची जादा पाण्याची बाटली मात्र काठोकाठ भरलेली.

"मामा, अरे बाटली तर फुल्ल आहे. मग पाणी कमी कसं?" भाचा म्हणाला.

नेमका हाच पुरावा होता. झाकणात दोन झडपा असतात. पाणी तापून फुगलं की मोठी झडप उचलली जाते आणि जास्तीचं पाणी बाटलीत जातं. इंजिन गार झालं की पाणी आकसतं, आत पोकळी तयार होते, आणि मधली नखाएवढी दुसरी झडप उघडून तेच पाणी बाटलीतून परत ओढलं जातं. रोज रात्री, पार्किंगमध्ये, आपण झोपलेले असताना गाडी आपलं पाणी असं परत पिते. बाटली भरलेली आणि रेडिएटर उणा, याचा अर्थ पाणी जातंय पण परत येत नाहीये. त्याऐवजी कुठून तरी हवा शिरतेय. झाकण उलटं करून पाहिलं. खालचं रबर कडक होऊन वाळल्या तळपायासारखं भेगाळलेलं. अशा रबरानं ना दाब धरला जातो, ना पाणी ओढलं जातं. घाटात आमचं पाणी ११८ अंशांपर्यंत थांबायला तयारच नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत मी दोनदा बाटलीकडे बघून "कूलंट आहे की" म्हणालो होतो. बाटली बघणं म्हणजे पाणी बघणं नव्हे, हे मला त्या रबराच्या चकतीनं शिकवलं.

पण निदान एका पुराव्यावर थांबवू नये. आम्ही पुढे गेलो.

ऑइलचं झाकण उघडलं. आतून ते चहात दूध घातल्यासारखं पांढरट-तपकिरी असेल, तर तेलात पाणी मिसळलंय आणि खर्चाला तयार व्हायचं. इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण यावरून कोकणात पावसाळ्यात लोकांची झोप उडते. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, दमट हवेत, झाकणाच्या आतल्या बाजूला दव साचून अशी साय धरतेच. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर घाबरू नका. आमचं दोन्ही स्वच्छ होतं.

हेड गॅस्केटची धास्ती मात्र खरी असते. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचा हेड यांच्यामध्ये जेमतेम मिलीमीटरभर जाडीचा हा पत्रा. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसरीकडे तेल, आणि तिघांना वेगळं ठेवायचं काम त्याचं एकट्याचं. तो गेला की जळलेला वायू पाण्यात घुसतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा टणक होतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो आणि तो गाडी तापली तरी थांबत नाही. तपासायची एक फार देखणी रीत आहे. काचेच्या नळीत निळा द्रव भरतात, नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि आतली हवा त्यातून ओढतात. हवेत जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचा पिवळा होतो. तो द्रव म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लू, शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल ओळखायला वापरतात तोच. गॅरेजातली किट आम्ही शेजारच्या फिटरकडून मागून आणली. दोन मिनिटं निळं, पाच मिनिटं निळं. भाच्याचा थोडा हिरमोड झाला, मी मनात देवाला हात जोडले.

पंखा बघायला गाडी सुरू करून उभी ठेवली. वीसएक मिनिटांनी घर्र करून लागला. लागला नसता तर पुढची पायरी सोपी होती: एसी लावायचा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखाही फिरतो, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. एसीला फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली, सेन्सर किंवा रिले गेलाय. दोन्हीला फिरत नाही, तर आधी फ्यूज. एक सावधगिरी: इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही आपणहून सुरू होतो. बोटं लांब.

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीतून टॉर्च मारून रेडिएटरची जाळीही पाहिली. किडे, धूळ, उसाच्या पाचटाचा एक तुकडा, ब्रशनं निघण्यासारखं. खरं भय आतल्या क्षाराचं असतं. बोअरचं पाणी ओतत राहिलं की गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर नळ्यांत बसतो, आणि हा थर सगळ्यात आधी बसतो तो सगळ्यात गरम जागी. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. हा चुना उलट्या स्वभावाचा, गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणजे जिथे उष्णता बाहेर पडायची सगळ्यात निकड, नेमकं तिथेच तो गोधडी पांघरतो. म्हणून आपल्याकडे बर्फ पडत नसला तरी कूलंट लागतं: ते गंज आणि क्षार रोखतं, शिवाय उकळबिंदू आणखी वर नेतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. ऐनवेळी घाटात साधं पाणी चालेल, जन्मभर नाही.

गाडी तापल्यावर इन्फ्रारेड गन फिरवून रेडिएटरवर कुठे गार ठिपका सापडतो का पाहिलं. नळ्या चोक झालेल्या असतील तर तेवढा भाग गार लागतो. (कोविडमध्ये घेतलेली कपाळाची गन इथे कामाची नाही, ती माणसाच्या तापापलीकडे मोजतच नाही. आम्ही आधी तीच आणली होती.) रेडिएटर सगळीकडे सारखा उतरत्या क्रमानं गार होत होता. तोही निर्दोष.

झाकण बदलून काम संपवता आलं असतं. पण एक गोष्ट मला खुपत होती. इंजिन पुन्हा पूर्ण गार होऊ दिलं, सुरू केलं, आणि वरच्या होजवर हात ठेवून उभा राहिलो. सुदृढ गाडीत हा होज पहिली काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम, नळाला गरम पाणी यावं तसा, तापतो. माझा होज दुसऱ्या मिनिटापासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला. आणि मग आठवलं: काटा नेहमी मधल्या रेघेच्या खालीच असायचा. थंडीत हीटर लावला तर कोमट फुंकर यायची. मी त्याला गाडीची तब्येत समजत होतो. "माझं इंजिन एकदम थंड चालतं," असं चारचौघांत सांगितलंही होतं.

थंड इंजिन ही कौतुकाची गोष्ट नाही. तेल जाड राहतं, पेट्रोल नीट वाफ होत नाही, झीज वाढते, मायलेज पडतं. इंजिनाला नव्वदच्या आसपासच राहायचं असतं, आणि सकाळी ते तिथे लवकर पोचावं म्हणून पाण्याच्या वाटेवर एक द्वारपाल बसवलेला असतो, थर्मोस्टॅट. इंजिन गार असेपर्यंत तो रेडिएटरचं दार बंद ठेवतो. पाणी इंजिनातल्या इंजिनात छोट्या वाटेनं फिरतं. तापलं की दार उघडतो.

इंजिन गार झाल्यावर थोडं कूलंट टबात काढलं, होजची क्लिप सैल केली, दोन बोल्ट काढले आणि थर्मोस्टॅटचं घर उघडलं. (टब लगेच झाकून ठेवला. कूलंट चवीला गोड आणि पोटात गेल्यास विष असतं. सोसायटीतली कुत्री, मांजरं आणि लहान मुलं त्याला फसतात. गटारात ओतू नये.) भाच्यानं टॉर्च धरला.

"मामा, इथे काहीच नाहीये."

द्वारपालाची जागा रिकामी होती. आधी कधी तरी, मी गाडी घेण्यापूर्वी किंवा नंतर, कुणी तरी तो काढून टाकला होता. आपल्याकडे हा सर्रास उपाय आहे: गाडी गरम होते? थर्मोस्टॅट काढा, पाण्याला मोकळं रान. पण माझ्या इंजिनात, आणि अशा पुष्कळ इंजिनांत, थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. एक रेडिएटरचं दार उघडते तेव्हा दुसरी त्या छोट्या वाटेचं तोंड बंद करते. दोन्ही एकाच दांड्यावर. तो काढला की छोटी वाट कायमची उघडी राहते, आणि घाटात ऐन गरजेच्या वेळी काही गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता शॉर्टकटनं परत इंजिनात शिरतं. गार ठेवायला काढलेली वस्तू नसल्यामुळे गाडी तापत होती.

याचं दुसरं एक स्पष्टीकरण गॅरेजांत ऐकू येतं: थर्मोस्टॅट नसला की पाणी फार वेगानं जातं, त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. ऐकायला पटतं, पण खोटं आहे. पाणी रेडिएटरमध्ये घाईनं जात असेल तर इंजिनातूनही घाईनं जातं आणि परतही लवकर येतं. प्रवाह वाढला की एकूण उष्णता जास्तच वाहून जाते. दोष वेगाचा नाही, चुकलेल्या वाटेचा आहे.

शनिवार पेठेतल्या दुकानातून नवा थर्मोस्टॅट आणि नवं झाकण आणलं. दोन्हीची किंमत मिळून लग्नाच्या आहेराहून कमी. थर्मोस्टॅट हातात मावेल एवढा, पितळी बोंडाचा, कडेला ८२ कोरलेलं. बसवण्यापूर्वी तपासायचं असं ठरलं, आणि तपासायची जागा स्वयंपाकघरच. जुना, कूलंट लागलेला असता तर घरातल्या भांड्यात टाकला नसता. हा कोरा होता. चहाचं जुनं पातेलं गॅसवर ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध लोंबता सोडला, तळाला टेकला तर तळाची धग खोटं सांगते. शेजारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर. मावशीही येऊन उभी राहिली, घाटातला वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता.

यात ना वायर, ना सेल, ना चिप. त्या पितळी बोंडात आहे मेण, तांब्याची पूड मिसळलेलं, म्हणजे उष्णता आतपर्यंत झटकन पोचते. मेण घट्ट असताना मुकाट बसतं; वितळलं की फुगतं, आणि बंद डबीत फुगायला दुसरी वाट नसल्यानं दांडा बाहेर ढकलतं. कोणत्या तापमानाला वितळणारं मेण भरलं, त्यावर ८२ की ८८ ते ठरतं. मेणाच्या आधीच्या थर्मोस्टॅटमध्ये चटकन वाफ होणारा द्रव भरलेला भाता असायचा. तो पाण्याच्या दाबानं गोंधळायचा, आणि झाकणांनी दाब वाढवल्यावर तर पंचाईतच झाली. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट या अमेरिकन संशोधकानं मेणाची युक्ती काढली. मेणाला दाबाशी देणंघेणं नाही, फक्त उष्णतेशी. जगातल्या बहुतेक मोटारी आजही त्याच गोळ्यावर विसंबून आहेत.

साठ. सत्तर. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे. अठ्ठ्याहत्तरला काही नाही. "बंद पडलाय की काय," भाचा पुटपुटला. एक्याऐंशी. आणि ब्याऐंशी ओलांडता ओलांडता चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. आधी वाटलं भास, मग ती नखाएवढी झाली, आणि पाणी पंच्याण्णवला पोचेपर्यंत चकती सात-आठ मिलीमीटर उचलली जाऊन पूर्ण उघडी. आवाज नाही, झटका नाही. सकाळी दुकानाचं शटर वर जावं तशी, पण कुणीही हात न लावता.

गॅस बंद केला. तिघंही पातेल्यावर वाकून. पाणी निवत गेलं तसं स्प्रिंगनं चकती खाली ओढायला सुरुवात केली, आणि ऐंशीच्या खाली ती मुकाट मिटली.

मावशीनं चष्मा पुसला. "झालं?"

"झालं, मावशी. चांगला आहे."

"मग परत लाव बघू गॅस," ती म्हणाली. "मला ती उघडताना नीट दिसली नाही."